‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणतो

पत्र

ताई, नमस्कार.

मी कराडजवळच्या एका गावात राहते. मोठा मुलगा नुकताच सहा वर्षांचा झाला, पहिलीत आहे. धाकटी मुलगी तीन वर्षांची. ती झाल्यापासून मुलाला घरात सगळे ‘दादा’च म्हणतात.

गणपतीनंतर आठ-दहा दिवसांत माझे सासरे गेले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्या दिवशी दादाला आम्ही शेजारच्या घरी ठेवलं. आजोबा देवाच्या गावाला गेले, असं सांगितलं. तो रडलाच नाही. सगळे म्हणाले, लहान आहे, विसरेल. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून मात्र रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. रविवारी दुखत नाही, म्हणून मिस्टर म्हणतात नाटक आहे. सासूबाईंनी बेंबीला हिंग लावून झालं, दृष्ट काढून झाली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. बहिणीला मारायलाही लागलाय. परवा तिच्या हातातला फुगा मुद्दाम फोडला. काय झालं विचारलं की म्हणतो, काही नाही.

मोबाइलवर एक व्हिडिओ बघून मी भावनांचा तक्ता आणला, हसरा, रडका, रागीट असे चेहरे असलेला. तो रोज हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतो आणि दोन मिनिटांत बहिणीला चिमटा काढतो. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, पण मुलगा जरा रडवेला झाला की म्हणतात, ‘वाघ ना तू? बाप्या माणसानं रडायचं नसतं.’ ते स्वतः तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेले. सासऱ्यांची जुनी एम-एटी गाडी पडवीत झाकून ठेवलीय, तीही आता विकून टाकू म्हणतात. दादाला शाळेत तेच सोडायचे तिच्यावरून. आता मिस्टर मोटारसायकलवर सोडतात.

ताई, माझ्या मुलाला भावना कळत नाहीत का? माझं काही चुकलं का? मुलांना आपल्या मनातलं कळायला लागतं ते नक्की कितव्या वर्षी?

— एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. शेवटाकडे तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय, ‘दादाला शाळेत तेच सोडायचे.’ मी तिथे थांबले. पोट सकाळी दुखतं, शाळेच्या दिवशी दुखतं, रविवारी दुखत नाही. आजोबा ज्या वेळेला गाडीला किक मारायचे, नेमकं त्याच वेळेला दुखतं. कारण हेच आहे असं मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुमच्या जागी मी असते तर शोध इथून सुरू केला असता.

त्याआधी पोटाचं बघू. बेंबीच्या आसपास दुखतं, येतं-जातं, मूल खातंपितं, खेळतं, वजन नीट वाढतंय, अशी पोटदुखी या वयात पुष्कळ मुलांना असते आणि तिच्यात गंभीर काही नसतं. बऱ्याचदा साधा मलावरोध निघतो. तेव्हा शौचाला रोज होते का, कडक होते का, एवढं आधी बघा. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येत असेल, वजन उतरत असेल, वारंवार उलट्या, ताप, शौचातून रक्त, लघवीला जळजळ, किंवा बेंबीपासून लांब एकाच जागी दुखत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, थांबू नका. शाळेतही एकदा जाऊन या. नवे बाई-सर आलेत का, कुणी मारतंय का, शाळेच्या संडासात जायला तो घाबरतो का, हे विचारा. आजोबांचा धागा मला दिसला म्हणून बाकीच्या गोष्टी बघायच्याच नाहीत, असं होऊ नये.

आणि ‘नाटक’ हा शब्द घरातून काढून टाका. रविवारी दुखत नाही यावरून नाटक सिद्ध होत नाही. उलट दुखणं कशाला बांधलंय, ते रविवार सांगतोय. मन अस्वस्थ झालं की पोट खरोखर दुखतं. मेंदू आणि आतडी मज्जातंतूंनी एकमेकांना जोडलेली आहेत. आपल्या भाषेला हे डॉक्टरांच्या आधीपासून माहीत आहे. भीतीने पोटात गोळा येतो, वाईट बातमीने धस्स होतं, कुणाची आठवण आली की कालवतं. मोठ्या माणसाला यातल्या दोन्ही गोष्टी कळतात, गोळा आलाय हेही आणि तो भीतीचा आहे हेही. सहा वर्षांच्या मुलाला गोळा तेवढा कळतो. तो तुम्हाला जे कळतंय ते प्रामाणिकपणे सांगतोय. त्याच्याकडे शब्द एकच आहे, पोट.

आता तुमचा मोठा प्रश्न, कितव्या वर्षी? भावना जन्मापासूनच असतात. त्या ओळखू येणं मात्र हळूहळू घडतं, आणि त्याची सुरुवात मुलाच्या स्वतःच्या मनात होत नाही. ती होते आईच्या, बापाच्या, आजीच्या चेहऱ्यावर. १९७८ साली एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांच्या बाळांबरोबर एक प्रयोग मांडला. आई बाळाशी हसत-बोलत असते, मग थोडा वेळ चेहरा अगदी कोरा ठेवते. बाळ आधी हसून, हात हलवून तिला परत आणू बघतं. जमलं नाही की मान फिरवतं, हिरमुसतं. बोलता येत नसलेल्या बाळालासुद्धा समोरचा चेहरा बंद झालेला कळतो.

दुसरा प्रयोग मला त्याहून जवळचा वाटतो. १९८५ मध्ये जेम्स सॉर्स, रॉबर्ट एम्डे, जोसेफ कॅम्पोस आणि मेरी क्लिनर्ट यांनी वर्षाच्या बाळांना जाड काचेच्या टेबलावर रांगायला सोडलं. काचेखाली चौकटीचं कापड असं लावलेलं, की निम्म्यावर आल्यावर समोर खड्डा आहे असं वाटावं. पलीकडे आई. बाळ कडेशी थबकायचं आणि आईकडे बघायचं. आयांना बोलायचं नव्हतं, फक्त चेहऱ्याने सांगायचं होतं. ज्या १९ बाळांना आईचा हसरा चेहरा दिसला, त्यातली १४ काच ओलांडून गेली. ज्या १७ बाळांना घाबरलेला चेहरा दिसला, त्यातलं एकही गेलं नाही.

हे आपण घरात रोज बघतो. भिंतीवर पाल दिसली की रांगतं मूल पालीकडे एकदा बघतं आणि आईकडे दोनदा. ही गोष्ट घाबरायची की गंमतीची, हे ते तिच्या तोंडावर वाचतं. आपल्याला काय वाटायला हवं, हे मूल असं बाहेरून आत घेतं. ही काच पुढच्यासाठी लक्षात ठेवा, मला तिच्याकडे परत यायचंय.

मग दुसऱ्याचं मन वेगळं असू शकतं हे कळायला लागतं. बेट्टी रेपाचोली आणि ॲलिसन गोपनिक यांनी १९९७ मध्ये लहानग्यांसमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत खारी बिस्किटं, दुसरीत कच्ची ब्रोकोली. समोरच्या बाईने बिस्किट खाऊन तोंड वाकडं केलं, ब्रोकोली खाऊन मिटक्या मारल्या आणि मग हात पुढे करून म्हणाली, मला दे. चौदा महिन्यांच्या बाळांनी स्वतःला आवडणारं बिस्किट दिलं. अठरा महिन्यांच्यांनी ब्रोकोली दिली. चार महिन्यांत केवढा पल्ला!

दीड-दोन वर्षांचं मूल आरशात स्वतःला ओळखतं आणि तिथून लाजणं सुरू होतं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास शाबासकीने फुलणं, चुकल्यावर ओशाळणं येतं. बरोबर त्याच वयात तुमच्या मुलाला बहीण झाली आणि तो दादा झाला. स्वतःच्या नावाआधी त्याला एक पद मिळालं. ‘दादा ना तू? दादा रडतो का? दादा देतो की नाही?’ हे त्याने तीन वर्षं ऐकलंय. मी दादा म्हणणं बंद करा असं सांगत नाही, लाडाचा शब्द आहे तो. पण दिवसातून चार वेळा तरी त्याला त्याच्या नावाने हाक मारा. घरात आजोबा त्याला काय म्हणायचे, तेही आठवून बघा.

पुढचा टप्पा तुमच्या तक्त्याशी जोडलेला आहे. पॉल हॅरिस आणि फ्रान्सिस्को पोन्स या अभ्यासकांनी तीन ते अकरा वर्षांच्या मुलांची भावनांची समज तपासली आहे. साधारण पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना चेहरे ओळखता येतात, खेळणं मोडलं की वाईट वाटतं हे कळतं. सातव्या वर्षाच्या सुमाराला कळतं की आत एक आणि चेहऱ्यावर दुसरं ठेवता येतं. एकाच वेळी दोन उलट भावना असू शकतात, हे नऊ ते अकराच्या दरम्यान नीट समजतं. काही मुलं आधी, काही नंतर, हा काही शाळेचा दाखला नव्हे.

म्हणजे तुमचा मुलगा नेमका कुठे उभा आहे बघा. तक्त्यावरचे सगळे चेहरे त्याला ओळखू येत असणार, त्यात तो नापास नाही. हसऱ्यावर बोट ठेवतो कारण आईला कुठलं बोट बघायचंय हे त्याला कळतंय. लपवायला तो शिकलाय. दोन उलट भावना एकत्र धरणं मात्र अजून त्याच्या आवाक्यात नाही. बाबा आवडतात, पण सकाळी बाबांची मोटारसायकल नको वाटते. छोटी आवडते, पण तिला आजोबांची आठवण येत नाही, ती खुशाल फुगा घेऊन हसते, म्हणून तिचा राग येतो. हे सगळं एकदम होतं तेव्हा मोठ्यांचीही जीभ अडखळते. तो फुगा फोडतो.

तक्ता भिंतीवर राहू दे, पण त्याच्यावर विसंबू नका. कागदावरचा रडका चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी असतो. मुलाला स्वतःची भावना चेहऱ्यावर दिसत नाही, ती अंगात जाणवते. म्हणून आरंभ अंगापासून करा. सकाळी पोट दुखतं म्हणाला की ‘कुठे, हाताने दाखव’ म्हणा, तिथे आपला हात ठेवा. ‘टोचतंय की गोळा आल्यासारखं? गरम वाटतं की गार?’ सासूबाईंना हिंग लावू दे, दृष्ट काढू दे. त्या पाच मिनिटांत त्याच्या पोटावर एक मायेचा हात असतो आणि कुणीतरी त्याचं दुखणं खरं मानतं. हिंगाने गोळा जाईल की नाही ते बाजूला ठेवा, त्या हाताचं मोल मोठं आहे.

आता आपल्या सगळ्यांची एक जुनी सवय सांगते. मूल पडतं. आपण धावत जातो आणि म्हणतो, ‘काही नाही झालं, मुंगी मेली बघ!’ तरी रडलं तर जमिनीला चापट मारतो, ‘हत् रे हत्, माझ्या बाळाला लागलं!’ रडणं थांबतं, म्हणून आपल्याला वाटतं जमलं. मीही माझ्या मुलांना हेच केलं. पण मुलाच्या बाजूने बघा. गुडघा झोंबतोय आणि सगळ्यात भरवशाचं माणूस सांगतंय काही नाही झालं. मग खरं काय, गुडघा की आई? आणि जमिनीला चापट मारून आपण शिकवतो की दुखलं तर कुणाला तरी मारायचं. जमीन नाही सापडली तर बहीण सापडते. मी बालवाडीत बरीच वर्षं काढली आणि या एका सवयीबद्दल माझं मत पक्कं झालं आहे, ती सोडून द्यावी. ‘लागलं. झोंबतंय ना? दाखव,’ एवढं पुरतं. रडणं अर्धा मिनिट जास्त चालेल, चालू द्या.

‘काय झालं?’ला ‘काही नाही’ येतं, तेही याच कारणाने. ‘काय झालं’ हा फार अवघड प्रश्न आहे. त्याचं उत्तर द्यायला आतलं कळावं लागतं, त्याला नाव असावं लागतं, कारण सापडावं लागतं आणि ऐकणारा रागावणार नाही अशी खात्री असावी लागते. नवरा रात्री गप्प बसला आणि आपण ‘काय झालं’ विचारलं, तर तोही ‘काही नाही’च म्हणतो. मुलाला प्रश्न कमी विचारा आणि त्याच्या वतीने अंदाज बोलून दाखवा. ‘सकाळ झाली की तुला आजोबांची आठवण येते का रे? मला येते. एम-एटीचा आवाज येत नाही, घर कसं सुनं सुनं वाटतं.’ एवढं बोलून थांबा. त्याने काही म्हणायलाच हवं असं नाही. हे समोर बसवून करू नका. वाटाणे सोलताना, अंघोळ घालताना, रस्त्याने चालताना करा. नजर नजरेला भिडत नाही तेव्हा मुलं बोलतात.

अंदाज चुकेल. चुकू द्या, त्यातूनच वाट सापडते. आमच्या बालवाडीत चार वर्षांचा एक मुलगा पावसाळ्यात आभाळ भरून आलं की थयथयाट करायचा. मी म्हटलं, ‘गडगडण्याची भीती वाटते का?’ ‘नाही!’ ‘अंधाराची?’ ‘नाही!’ तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो ओरडूनच म्हणाला, ‘आई भिजंल की!’ त्याची आई रोजाने भांगलायला जायची. त्याला स्वतःची भीती वाटत नव्हती, आईसाठी जीव तुटत होता. मी त्याला म्हटलं, ‘याला काळजी म्हणतात. तुला आईची काळजी वाटते.’ पुढे आभाळ आलं की तो माझ्याजवळ येऊन उभा राहायचा आणि सांगायचा, ‘बाई, काळजी आली.’ थयथयाट एकदम थांबला नाही, पण शब्द मिळाल्यावर तो मला शोधत यायला लागला. माझे पहिले दोन अंदाज चुकले नसते तर त्याने खरं सांगितलं असतं का, मला शंका आहे.

ज्यूडी डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच वेगळ्या वाटेने आलंय. ज्या घरांत मूल तीन वर्षांचं असताना कुणाला काय वाटलं, का वाटलं, याच्या गप्पा जास्त व्हायच्या, ती मुलं सहाव्या वर्षी दुसऱ्यांच्या भावना जास्त चांगल्या ओळखत होती. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. कुणी कुणाचं खेळणं घेतलं, आजी का रागावली, मामा आला नाही म्हणून कोण खट्टू झालं, असं रोजचंच बोलणं.

शब्दांची आपल्याकडे वाण नाही. आपण मुलांशी बोलताना मात्र दोनच वापरतो, ‘राग आला’ आणि ‘वाईट वाटलं’. हिरमुसला, खट्टू झाला, कावराबावरा झाला, ओशाळला, धास्तावला, चुकल्याचुकल्यासारखं होतंय, हुरहूर लागलीय, हेवा वाटतोय, जीव भांड्यात पडला. मुलासमोर हे शब्द वापरा, अर्थ आपोआप चिकटतात. आणि आपल्या भाषेची एक खुबी मला फार आवडते. आपण ‘मी राग आहे’ असं म्हणत नाही. राग येतो, रडू येतं, आठवण येते, कंटाळा येतो. जे येतं ते जातंही. मुलाला हे असंच सांगा. ‘तू रागीट आहेस’ म्हणू नका, ‘तुला आत्ता राग आलाय’ म्हणा.

मारण्याबद्दल थोडक्यात. राग येऊ द्यायचा, हात उठू द्यायचा नाही. हात वर गेला की तो हळूच पण घट्ट धरा, ‘राग आलाय, कळलं. मारू देणार नाही.’ आधी छोटीला जवळ घ्या. व्याख्यान नंतरही नको. तो शांत झाला की फुग्याचं काय करायचं ते त्याला विचारा. रागाच्या भरात शिकवलेलं डोक्यात जात नाही, मुलाच्याही आणि आपल्याही.

आता आजोबा. ‘देवाच्या गावाला गेले’ हे तुम्ही मायेने सांगितलंत, पण गावाला गेलेलं माणूस परत येतं. तुमचा मुलगा वाट बघत असेल. दिवाळीला सगळे पाहुणे गावाहून आले, एकटे आजोबा आले नाहीत, आणि पोटदुखी दिवाळीनंतर सुरू झाली. मरण म्हणजे कायमचं, मेल्यावर शरीराला भूक, थंडी, दुखणं काही नसतं, आणि ते सगळ्यांनाच येतं, हे बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगतं. तुमचा मुलगा त्याच वयात आहे, त्याला अर्धं समजलंय आणि उरलेलं विचारायची सोय नाही. त्याला जवळ घेऊन साध्या शब्दांत सांगा, ‘आजोबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांना ते चालू करता आलं नाही. ते परत येणार नाहीत. आम्ही देवाच्या गावाला म्हणालो, कारण आम्हाला सांगायला जड जात होतं.’ आणखी एक वाक्य न विसरता सांगा, ‘तू काही केलंस म्हणून हे झालं नाही.’ या वयाची मुलं असा हिशेब मनात मांडतात. त्या दिवशी सकाळी त्याने आजोबांकडे हट्ट केला असेल, उगाच हॉर्न वाजवून ओरडा खाल्ला असेल, आपल्याला काय माहीत. ‘झोपले’ असं मात्र कधीच सांगू नका. मग मुलं झोपेलाच भितात. तो तेच तेच विचारेल, कधी अगदी विचित्र विचारेल, त्यांना जाळलं तेव्हा दुखलं का, असंही विचारेल. दर वेळी तेच खरं उत्तर द्या. ऐकता ऐकता उठून खेळायला गेला तर त्याला दुःख नाही असं समजू नका. मुलं दुःख घोट-घोट पितात.

आता परत त्या काचेपाशी येते. तुमचे मिस्टर वाईट नाहीत, हे पत्रातून कळतं. त्यांचा बाप गेला, ताई. अचानक गेला. आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ते कामावर उभे होते. त्यांनाही लहानपणी कुणीतरी वाघ म्हटलं असणार. सकाळी मोटारसायकलवर दोघं बसतात, ज्याचे वडील गेले तो आणि ज्याचे आजोबा गेले तो, आणि दोघंही त्याबद्दल बोलत नाहीत. मुलगा काचेच्या कडेवर येऊन बाबांच्या तोंडाकडे बघतोय, या खड्ड्याचं काय करायचं? बाबांचा चेहरा कोरा. मग तोही कोरा ठेवतो, तक्त्यावर हसऱ्याला बोट लावतो.

मिस्टरांना रडा असं सांगू नका, सांगून कुणी रडत नाही. त्यांना एवढंच करायला सांगा, सकाळी जाताना मुलाला आजोबांची एक गोष्ट सांगायची. आजोबांनी त्यांना पोहायला कसं शिकवलं, कुठल्या वर्षी मार दिला, शाळेत सोडायला सायकल होती की पायीच जायचे. सांगता सांगता आवाज कापरा झाला तर होऊ दे. बापाचा आवाज कापरा होतो आणि तरी बाप गाडी नीट चालवतो, शाळेत पोहोचवतो, संध्याकाळी परत येतो, हे त्याला बघायला मिळायला हवं. मुलासमोर आक्रोश करत बसावं असं माझं म्हणणं नाही. डोळे पुसत ‘अण्णांची आठवण आली’ म्हणणं पुरेसं आहे. अण्णा, आबा, जे काही ते म्हणत असतील ते. हे पत्र त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल, त्यांच्यावर ठपका म्हणून मात्र देऊ नका.

सासूबाईंना विसरू नका. चाळीस-पन्नास वर्षांचा जोडीदार गेला आणि त्या नातवाची दृष्ट काढतायत. त्यांच्याजवळ बसून दादाने आजोबांचे फोटो काढावेत, नावं विचारावीत. दोघांनाही बरं वाटेल.

तुमचं काही चुकलं का? त्या दिवसांत घर सावरायचं, पाहुण्यांचं बघायचं, तीन वर्षांची मुलगी कडेवर. जे सुचलं ते केलंत. आज मुलाचं पोट का दुखतंय म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत. मला यात चूक दिसत नाही, उशीरही झालेला नाही.

दीड-दोन महिने हे करून बघा. सकाळचं दुखणं एकदम जाणार नाही, विरळ होत जाईल. तेवढ्यात कमी झालं नाही, त्याने खाणं-खेळणं सोडलं, झोप मोडायला लागली, शाळा पार बंद झाली, तर बालरोगतज्ज्ञांना पुन्हा भेटा आणि मुलांशी काम करणाऱ्या समुपदेशकाचा पत्ता मागा. ‘मलाही आजोबांकडे जायचंय’ असं म्हणाला तर दचकून गप्प करू नका. लहान मुलाच्या तोंडी बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ते हवेत’ एवढाच असतो, पण ‘म्हणजे कसं जायचंय?’ असं शांतपणे विचारून घ्या. उत्तराने पोटात गोळा आला तर वाट बघू नका, लगेच मदत घ्या. सरकारची टेली-मानस ही मनाच्या दुखण्यांसाठीची फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मोफत, मराठीतही बोलता येतं. तिथे तुम्ही स्वतःसाठीही फोन करू शकता, मिस्टरही करू शकतात.

एम-एटी इतक्यात विकू नका. एखाद्या रविवारी तिच्यावरचं कापड काढा, बादलीभर पाणी आणि फडकं घ्या, बापलेकांना ती धुऊ दे. चालू होत असेल तर मिस्टरांनी त्याला पुढे उभं करून शाळेपर्यंत एक फेरी मारून आणावी, शाळा बंद असतानाच. हॉर्न त्याला वाजवू दे. पुढे कधी खरंच विकायची वेळ आली तर त्याला आधी सांगा, गिऱ्हाईक न्यायला येईल तेव्हा त्याला घरी असू दे. आणि आरसा, किल्लीचा जुना जुडगा, असं काहीतरी एक काढून त्याच्यासाठी ठेवा.